डावं फूल, उजवं फूल

तिसरा दिवस उजाडला, तरी देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या खांद्यांवरची दोन्ही फुलं जागची हलली नव्हती. उजवं पडलं तर गाडी विकत घ्यायची, डावं पडलं तर तीन वर्षांच्या भाडेकरारावर, असा कुमुदताईंनी कौल लावला होता. आणि कौल मिळेपर्यंत घरात चहा बंद, हा नेमही त्यांचाच.

“तुझ्या देवाला एवढा विचार कशाला लागतो गं?” आप्पांनी कपाळाला बाम चोळत विचारलं.

ताईंनी समईची वात पुढे सारली. गाडी स्वतःची असावी, दर दसऱ्याला तिला हार घालावा, ही त्यांची हौस. आप्पांचा जीव मात्र भाडेकरारात. यांच्याच मनासारखं होऊ दे, म्हणून ताईंनी उजवं फूल गुपचूप दाट गंधाने चिकटवलं होतं. मग डावं का पडेना?

इतक्यात देवाच्या दंडावरून चढणारी मुंग्यांची रांग दिसली. ती थेट डाव्या फुलाखाली शिरत होती. फूल डुगडुगलं आणि टपकन पडलं.

“अगं, हे पडायचं नव्हतं!” आप्पा ओरडले. “तुझी हौस पुरी व्हावी म्हणून मी मध लावला होता!”

“मग आता उजवं ओढून बघा,” ताई पदराआड हसल्या.

आप्पांनी ओढलं. ते ढिम्म हललं नाही. ताईंनी देवापुढे कान पकडले आणि चहाचं आधण ठेवलं.

भाडेकराराची गाडी दारात आली. ताईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि चाकापाशी चिमूटभर साखर ठेवली, कौल देणाऱ्यांसाठी.