हाळी

"आठपर्यंत थांबतो, मावशी. त्याच्यापुढं न्हाय," भाजी बाजारात नेणारा नोमान टेम्पोतूनच म्हणाला. टेम्पोचं तोंड त्याने आधीच पडघ्याकडे वळवून ठेवलं होतं. मागचा हौदा निम्मा रिकामा होता. गेल्या वर्षी तो या एकाच गावात भरायचा.

बायजाबाई, तिची सून ललिता आणि लेक सखी भेंडीत शिरल्या. अंगात पुरुषांचे फुल शर्ट, हातांत मोजे. भेंडीची लव लागली की दिवसभर खाज सुटते. बांधापलीकडच्या शेतांत महिनाभर तोडा नव्हता. झाडांवर जून भेंड्या वाळून लटकत होत्या. गोदामासाठी जमीन द्यायला त्या शेतकऱ्यांनी नाही म्हटलं, तेव्हापासून तिकडे फिरकायची कोणाची छाती नव्हती. बायजाबाईनेही नाहीच म्हटलं होतं. तिच्या मुलाला नवशाला, म्हणजे ललिताच्या नवऱ्याला, मागच्या आठवड्यात गोदामवाल्यांच्या माणसांनी बांधावर गाठून मारलं. आता तो घरात पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता.

नाल्यापाशी रोज सकाळी त्यांची एक पांढरी गाडी उभी असायची. आज नव्हती.

"सुट्टी घेतली वाटतं त्यांनी," सखी म्हणाली.

"दिसत न्हाय, म्हंजी कुठंतरी हाय," बायजाबाई म्हणाली. "हाळी दिली का ओ द्यायची. दोघींनी."

झाडं डोक्याच्या वर गेली होती. तिघींनी एकेक ओळ धरली आणि एकमेकींना दिसेनाशा झाल्या. ललिताचे हात भराभर चालू लागले. पानांवरचं दव शर्टात मुरत होतं.

"ललिते?"

"हाय, आये."

"सखे?"

"हाय गं. मेली न्हाय अजून."

ललिताला हसू आलं. बायजाबाईने पलीकडून लेकीला एक शिवी हासडली, तेव्हा सखीही हसली.

टोपली निम्मी भरली. रस्त्यावर टेम्पो सुरू झाला आणि आवाज लांब जात जात विरला. ललिताने मान वर केली. ऊन बांधावर आलं की आठ होतात. बांध अजून सावलीत होता.

"ललिते?"

"हाय. आये, टेम्पो गेला गं."

बायजाबाईने लगेच पुढची हाळी दिली.

"सखे?"

शेजारच्या ओळीत पानं हलली आणि थांबली.

"सखे गं?"

"हाय," सखीच्या ओळीतून एक पुरुष म्हणाला. अगदी सावकाश, ओळखीच्या माणसाला ओ द्यावी तसा.

ललिता होती तिथेच खाली बसली. टोपली कलंडली. तिने ती सावरली नाही.

मग बायजाबाईची हाळी आली, बारीक आवाजात.

"ललिते?"

ललिताने मोजे घातलेले दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.