दर पंधरा मिनिटांनी एक चित्र

कुऱ्हाडीचा दांडा गहिनीनाथच्या जबड्यावर बसला. दोन दात असे उडाले की कोंबड्या दाणे समजून धावल्या. त्याची आरोळी थेट घोडेगावच्या बाजारात पोचली आणि चार बैलांनी दावी तोडली, असं सोनईत अजून सांगतात. चाराचे दोन धरा.

मारणारा परका नव्हता. चुलतभाऊ कानिफनाथ, आणि त्याची दोन पोरं. सामाईक विहिरीच्या पाण्याची आजची पाळी कुणाची, एवढाच वाद. "आज तुला त्याच हिरीत घालतो," असं कानिफनाथ म्हणाला होता, आणि तो बोलून विसरणारा माणूस नव्हता.

दुसरा घाव डोक्याला लागला. कपाळावरून रक्त उतरलं. तरी गहिनीनाथची नजर ओसरीवर होती. तिथं दाराच्या वर कॅमेरा ठोकला होता. त्याचा पोरगा रविराज दिवाळीला अमेरिकेहून आला, तेव्हा त्यानंच बसवला. कॅमेऱ्याची वायर आत गेली होती, बाजरीच्या पोत्यांशेजारच्या कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर दर पंधरा मिनिटांनी आपणहून फोन लावायचा, मोडेम शेपटीवर पाय पडलेल्या मांजरागत किंचाळायचा, आणि अंगणाचं एक चित्र इंटरनेटवरून अमेरिकेत जायचं. हलतं नव्हे, एकच. नव्व्याण्णव साली तेवढंही लई होतं.

"तात्या, काही झालं तर त्यांना ओसरीपुढं आणा," रविराजनं बजावलं होतं. "मला दिसलं की तिथून पोलिसांना फोन करतो."

म्हणून गहिनीनाथ मार खात खात सरकत होता. गोठ्यापासून ओसरी तीस पावलं. कानिफनाथच्या फटक्याला तो एक पाऊल मागं जाई, बन्सीच्या लाथेला दोन. बन्सी म्हणजे कानिफनाथचा धाकटा, फौजेत भरती व्हायची तयारी केलेला. अर्ध्या वाटेत एक बरगडी मोडली. पुढं दुसरी.

ओसरी आली तेव्हा कानिफनाथनं मागून गळ्यात हात टाकला आणि आवळला. गहिनीनाथचे डोळे बाहेर आले.

तेवढ्यात आत मोडेम किंचाळला.

"हान की आता!" गहिनीनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हान! फोटू निघतोय! माझा रवी बघतोय!"

त्याची बायको बनुबाई मळ्यात माणसं बोलवायला गेली होती. एकही न मिळता ती धापा टाकत परत आली, आणि तिच्या कानावर एवढंच पडलं, की रवी बघतोय. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"आगं आई गं! आसलं तोंड लेकराला दावता व्हय?"

तिनं बिनकाठाचा पिवळा पदर काढला आणि त्याचं कपाळ, नाक, हनुवटी खसाखसा पुसली. पडलेली टोपी उचलून डोक्यातल्या जखमेवर दाबून बसवली.

"आगं ऱ्हाऊ दी! रगात दिसू दी त्याला!"

"दिसू दी म्हनं! घास गिळंल का त्यो तिकडं? भावजी, कुऱ्हाड मागं घ्या. आन् तू रं बन्सी, नीट उभा ऱ्हा मुडद्या!"

आता फोटो म्हटल्यावर सोनईत आजवर कुणी हललेलं नाही. लग्नात रुसलेले व्याहीसुद्धा फोटोपुरते उभे राहतात. कानिफनाथची पोरं छाती काढून दोन बाजूंना उभी राहिली. कानिफनाथनं कुऱ्हाड पायामागं धरली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. गहिनीनाथच्या गळ्यातला हात मात्र त्यानं काढला नाही. बनुबाई पदर सावरून मध्ये उभी राहिली. सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते.

मोडेम गप्प झाला.

"झाला का?" कानिफनाथनं विचारलं.

"झाला," बनुबाई म्हणाली.

त्यानं कुऱ्हाड पुढं घेतली. पुढच्या चित्राला अजून पंधरा मिनिटं होती.

तिकडं अमेरिकेत सकाळ झाली होती. चित्र पडद्यावर वरून खाली बोट-बोट उतरत होतं. रविराजचा एक हात रोजच्यासारखा फोनवर होता. चित्र पुरं उतरलं आणि त्यानं तो हात काढून घेतला.

"रेश्मा, पळत ये! कानिफकाका तात्यांच्या गळ्यात हात टाकून उभेत बघ. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय. मिटलं गं बाई एकदाचं!"

त्याची बायको रेश्मा चहाचा कप घेऊन आली. खाली वाकून तिनं पाहिलं.

"खरंच की," ती म्हणाली. "आणि आत्याबाईंच्या पदराला लाल काठ काय उठून दिसतोय!"