आजोबांची लोकरी टोपी

सरोवरावर धुकं उतरलं होतं. दूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, येणार की नाही ते आयलाला उद्यापर्यंत कळवायचं होतं. दूर गेलं तर आजोबा बाकी सगळ्यासारखं आपल्यालाही विसरतील, एवढीच तिला धास्ती. ओसरीवर कॉफी पिताना ते सारखं विचारत, “पोरी, शिकायला कुठं चाललीस?” मागचं उत्तर त्यांच्या ध्यानात नसे, म्हणून तिला दरवेळी नवं देऊन बघता येई. “गावातल्याच कॉलेजात. दोन वर्षांनी विद्यापीठात बदली घेईन.” त्यांचा चेहरा पडे. “माझ्यासाठी थांबतेस होय?” मग पुन्हा तोच प्रश्न. “विद्यापीठात. काय व्हायचं ठरलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण अभ्यासक्रम.” “हे बरंय. ठरवून गेलेली माणसं कंटाळवाणी,” म्हणत ते आपली टोपी तिच्या डोक्यावर चढवत. ते विसरले की आयला ती खुंटीला अडकवी. धुक्यात दिवे लागले. त्यांनी पाचव्यांदा टोपी चढवली. तिनं ती कानांवर ओढली आणि तशीच विद्यापीठाला होकार लिहायला बसली.