बिनआवाजाचा कॉम्प्युटर

"हाही घरघरतो," असं म्हणून झेनिशनं टेकवलेला कान वर उचलला आणि आणखी एक लॅपटॉप बाजूला सारला.

दुकानदार आता वैतागला होता. "अहो दादा, आत एवढासा पंखा आहे. तो फिरणारच. मुंगी चालल्याइतका तर आवाज!"

"माइकला मुंगीही ऐकू येते," झेनिश म्हणाला. "घरी हिची गाणी भरायची आहेत. मागं काही म्हणजे काही नको. नुसता हिचा गळा."

त्याची बायको सायरागुल मानेभोवती शाल गुंडाळून स्टुलावर बसली होती. पुढच्या आठवड्यात तिचं स्वरयंत्र काढून टाकायचं होतं. गाठ आवाजाच्या तारांपर्यंत अजून पोचली नव्हती, म्हणून गाणं शाबूत होतं. ऑपरेशननंतर जीव राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं. बिश्केकच्या आसपास असं गाव नव्हतं, जिथल्या लग्नात ती कोमुझची तीन तारा छेडत उभी राहिली नव्हती. नवरीच्या पाठवणीचं गाणं तिनं सुरू केलं की जेवत्या पाहुण्यांचे हात ताटातच थांबत.

झेनिश तिचे स्पीकर लावायचा, गाडी चालवायचा, बिदागी ठरवायचा. तिच्या पायाला बूट चावतो का, हे इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि आज हाच माणूस सकाळपासून तिच्यासाठी दुकानं पालथी घालत होता. हा आवाज करतो, तो गाताना कानात उशिरा ऐकवतो, ह्याची मेमरी तोकडी. दुकानदारानं स्वस्तातला दाखवला तर त्याच्यावरच डाफरला.

"मधेच अडकला तर? एका गाण्यात एकदा जरी अडकला तरी सगळी अब्रू गेली. आणि बॅटरी दणकट पाहिजे. वीज गेली तरी चालू राहिला पाहिजे."

"घरातच तर भरायचंय," सायरागुल हळूच म्हणाली. "वीज गेली तर थांबू थोडं."

"तू गप्प बस. गळा जप."

त्या दरडावण्यातही तिला माया ऐकू आली. शेवटी एक लॅपटॉप त्याच्या मनास आला. कान लावला, डोळे मिटले, मान डोलावली. मग तिच्यापुढं माइक धरला. "एक ओळ म्हण."

तिनं म्हटली. शेजारच्या गाळ्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. दुकानदारानं डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, नवरा असावा तर असा. तुम्ही नशीबवान आहात."

"आहेच मी," सायरागुल म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेनिशनं भिंतींवर लोकरीची जाजमं टांगली, खिडकीला रजया लावल्या. खोली अशी मुकी झाली की तिला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येऊ लागले. ती गायली. सासूबाईंना आवडणारं गायली, आईकडून शिकलेलं गायली, पाठवणीचं गायली. एखादा सूर हलला की झेनिश पुन्हा म्हणायला लावी, आणि तीही कुरकुर न करता पुन्हा म्हणे. मी नसेन तेव्हा हा हे ऐकत बसेल, असं तिला वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं, आपण तर असणारच आहोत. दोघं मिळून ऐकू.

दुपारी दारावर टकटक झाली. झेनिशनं एका कोवळ्या पोरीला आत आणलं. तिच्या अंगात सायरागुलचाच निळा मखमली पोशाख होता, कमरेत आत घेतलेला.

"ही अदिनाई," झेनिश म्हणाला. "वसंतातल्या लग्नांचा शब्द देऊन बसलोय मी. लोकांना आवाज तुझाच हवाय. पण गळ्याला भोक पडलेली बाई नवरीपुढं कोण उभी करेल? ही उभी राहील, ओठ हलवेल. मागून तू वाजशील."

सायरागुलला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"एजे, ताई, रागावू नका," पोरगी खाली बघत पुटपुटली. "हे तुम्हीच सुचवलंत, असं दादा म्हणाले मला."

"आणि मी?" सायरागुलनं नवऱ्याला विचारलं. "मी कुठं असेन?"

"अगं, तूही येशील की!" झेनिश जरा दुखावल्यासारखाच म्हणाला. "पडद्यामागं बसायचं. गाणं सुरू करायला, बंद करायला कोणीतरी लागेलच ना."

त्यानं पाठवणीचं गाणं लावलं. सायरागुलचा आवाज खोलीभर झाला. आरशासमोर अदिनाई ओठ हलवू लागली. सायरागुल कॉम्प्युटरजवळ गेली. सकाळपासूनची सगळी गाणी पडद्यावर एकाखाली एक मांडलेली होती. ती एका झटक्यात पुसता येतात, हे तिला काल दुकानातच कळलं होतं. तिचं बोट त्या बटणावर टेकलं. झेनिशचं लक्ष आरशाकडं होतं.

गाणं मधल्या उंच ओळीशी आलं. पोरीनं घाई केली, तोंड आधीच उघडलं.

सायरागुलनं बोट उचललं.

"तिथं ओठ मिटून घे, पोरी," ती म्हणाली. "तिथं मी श्वास घेते."