बाबांशिवाय

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आयसीयूबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिने जिवलग गमावलेल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर लिहून टाकलं, "बाबा गेले." सख्ख्या भावाला फोन करायला सवड नव्हती, पण तिथे अनोळखी माणसं धावून आली. त्यातल्या एक काकू तर तेव्हापासून रोज न चुकता विचारतात, "जेवलीस का गं?"

आज काकूंनी विचारलं, "बाबांशिवाय घर खायला उठत असेल ना?"

तिने डोळे पुसत लिहिलं, "हो काकू, फार."

वॉकरची टकटक दाराशी आली, तसा तिने फोन घाईघाईने उशीखाली सरकवला.



"रडतेस कशाला, वेडे?" बाबा म्हणाले. "आता खडखडीत बरा झालोय ना मी!"