दोरीवरचे कपडे

ऑनलाइन नकाशावर, रस्त्यावरून काढलेला आपल्याच घराचा फोटो पाहून ग्रंथपाल बाईंचं डोकंच फिरलं. दार, खिडक्या, अगदी दोरीवरचे कपडेसुद्धा जगापुढे उघडे! त्यांनी बसल्या जागी फोटोतलं घर पुसून टाकण्याचा अर्ज भरला आणि दोन दिवसांत फोटोतल्या घरावर दाट धुकं पसरलं. बाई निर्धास्त झाल्या.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी टेलरकाका उभे. हे घर बाईंना विकल्यावरही ते रोज येऊन असेच उभे राहायचे. शेवटी बाईंनीच हात जोडून "आता नका येऊ," म्हणून सांगितलं होतं.

"काका, पुन्हा?"

"रागावू नका. तुम्ही सांगितल्यापासून मी फोनवरच बघत होतो. कालपासून घर दिसेनासं झालं, म्हणून पाय इकडे वळले."

"अहो, पण रोज बघण्यासारखं आहे काय त्यात?"

"फोटो आमची ही होती तेव्हाचा आहे. पायरीवर बसून बटणं लावतेय. चेहरा नकाशावाल्यांनी आधीच पुसला होता, पण मांडीवरचा डबा ओळखीचा. दोरीवरचे कपडेही तिनेच वाळत घातलेले." काकांनी फोन पुढे केला. "जरा बघता? परत कधी दिसेल?"

बाईंना अर्जाखालची ओळ आठवली. एकदा पुसलेलं घर पुन्हा कधीच दाखवता येणार नाही, असं तिथे लिहिलं होतं.

ते वाचून त्यांना केवढं हायसं वाटलं होतं!