सदतिसावी

"सहा सक छत्तीस. एक मुलगी जास्त होतेय," घाटगेबाई म्हणाल्या. "यमू, तू बाहेर बस."

पंधरा ऑगस्टच्या लेझमीला आम्ही सातवीच्या सदतीस मुली होतो, आणि जास्तीची म्हणून बाईंना पाय ओढत चालणारी यमूच दिसली. तिनं लेझीम खाली ठेवली. महिनाभर ती गोठ्यात एकटीच सराव करत होती, हे मला ठाऊक होतं.

"बाई, दुसऱ्या ओळी करून बघू?" मी विचारलं.

"बघ की. फार गणित येतं ना तुला."

दोन-दोनच्या ओळी केल्या, एक उरली. तीन-तीनच्या केल्या, चार-चारच्या केल्या, तरी एक उरलीच. पाच-पाचच्या केल्या, तर दोघी उरल्या.

"मूळ संख्या आहे ती. कशानंच भाग जायचा नाही," बाई म्हणाल्या. "फिटली हौस?"

"एकानं जातो, बाई. सदतीस एके सदतीस. एकच रांग करा."

"एवढी रांग मैदानात मावेल का गं?"

"नाही मावली तर रस्त्यावर जाईल. यमू बाहेर बसणार असेल, तर मीही बसते. मग उरलेल्या पस्तीस जणी सहा-सहांत उभ्या करा."

मी लेझीम खाली ठेवली. माझ्यामागे आणखी एक लेझीम जमिनीवर वाजली, मग तिसरी.

त्या गोष्टीला साठ वर्षं झाली. आमची रांग झेंड्यापासून निघून फाटकाबाहेर पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. सगळ्यांत पुढे यमू होती, आणि मागच्या छत्तीस जणींनी तिच्या पावलाशी पाऊल जुळवलं होतं.